इंटरनेट बंद, बिल चालू : तक्रार कुठे आणि कशी करायची?

पालकसभेत हल्ली फीपेक्षा रिचार्जवर जास्त बोलणे होते. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, दहावी-बारावीचे निकाल मोबाइलवर पाहायचे असतात. घरात मुले तीन आणि फोन दोन. त्यात नेट चार दिवस बंद पडले की अम्मी शाळेत येऊन सांगते, "सर, आम्ही कंपनीला फोन केला होता, कोणी ऐकतच नाही." आम्ही विचारतो, तक्रार क्रमांक काय मिळाला? उत्तर ठरलेले असते : "तो तर लिहून घेतला नाही."

सगळा घोळ इथेच आहे. क्रमांक आणि तारीख नसलेली तक्रार कायद्याच्या नजरेत झालेलीच नसते. फोनवर अर्धा तास भांडलात तरी ती हवेत जाते. म्हणून मोबाइल आणि घरच्या इंटरनेटचे ग्राहक म्हणून आपले हक्क काय, तक्रारीच्या पायऱ्या कोणत्या आणि कुठल्या पायरीवर काय हातात ठेवायचे, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

तेरावा महिना

सुरुवात रिचार्जपासून करू, कारण ते प्रत्येक घरात होते. "महिन्याचा पॅक" म्हणून जो विकला जातो तो बहुधा २८ दिवसांचा असतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. समजा पॅक ३०० रुपयांचा आहे आणि घरात चार फोन आहेत, तर वर्षाला १२०० रुपये या तेराव्या महिन्याचे जातात. ही चोरी नाही. मुदत पॅकवर लिहिलेली असते, फक्त आपण ती वाचत नाही.

ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ जानेवारी २०२२ रोजी आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि निदान एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. हे पॅक आहेत, पण दुकानदार ते स्वतःहून सांगत नाही आणि अॅपमध्येही ते वर दिसत नाहीत. नाव घेऊन मागावे लागतात.

दुसरी गोष्ट घरातल्या बुजुर्गांसाठी. दादीच्या साध्या बटणाच्या फोनला रोज दीड जीबी डेटाचा पॅक कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा खास पॅकची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत नेता येते. ज्यांना इंटरनेट वापरायचेच नाही त्यांनी त्याचे पैसे का भरावेत, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

कॉलर ट्यून, क्रिकेट अलर्ट, ज्योतिष असल्या सेवा आपोआप चालू होऊन पैसे कापले जातात, ही तक्रारही जुनीच. २०१३ च्या नियमाप्रमाणे अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा मोफत क्रमांक आहे. पैसे कापल्यापासून २४ तासांच्या आत तक्रार केली तर रक्कम परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून बॅलन्स कापल्याचा मेसेज आला की तो पुसू नका, आधी वाचा.

प्रीपेड ग्राहकाला बिल मिळत नाही हाही एक गैरसमज आहे. मागील सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील प्रीपेडवाल्यालाही मागता येतो, त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. पुढे वाद झाला तर हा कागद फार कामाला येतो.

केबलवाल्याचे वायफाय

मालेगाव, भिवंडी, मुंब्रा अशा दाट वस्त्यांत घरचे इंटरनेट बहुधा मोहल्ल्यातल्या केबलवाल्याकडून येते. माणूस ओळखीचा, अडीअडचणीला उधारीवर चालवणारा. वायर तुटली तर रात्री अकरालाही येतो. त्याची ही बाजू मान्य करायला हवी. पण पावती म्हणून तो बिडीच्या पाकिटाएवढी चिठ्ठी देतो, कधी तीही नाही. आणि मग पंधरा दिवस नेट बंद पडले तर तक्रार कोणाविरुद्ध करायची?

इंटरनेट विकायला सरकारचा परवाना लागतो. मोहल्ल्यातला ऑपरेटर बहुतेक वेळा परवाना असलेल्या एखाद्या कंपनीचा फ्रँचायझी असतो. ती कंपनी कोणती, तिचा ग्राहक सेवा क्रमांक काय आणि आपला ग्राहक आयडी काय, या तीन गोष्टी जोडणी घेतानाच विचारून घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने भरा आणि शेऱ्यात "मे महिना वायफाय" असे लिहा. रोख दिलेत तर छापील पावती मागा. ओळखीच्या माणसाकडे पावती मागायला आपल्याला लाज वाटते. पण पावती म्हणजे अविश्वास नाही, हिशेब आहे. ती नसेल तर तुम्ही ग्राहक होता हेच आधी सिद्ध करत बसावे लागते.

वेगाबद्दलही समजून घ्या. जाहिरातीत "४० एमबीपीएस" लिहिलेले असते. हे मेगाबिट असतात. फाइल उतरवताना मोबाइल जो आकडा दाखवतो तो मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० च्या जोडणीवर फाइल सेकंदाला ५ मेगाबाइटने उतरली तर ती फसवणूक नव्हे, बरोबर वेग आहे. मात्र ५ च्या जागी १ दिसत असेल, तेही राउटरच्या शेजारी बसून आणि घरातले बाकीचे फोन बंद ठेवून, तर तक्रारीला जागा आहे. वेग मोजण्याची अॅप्स फुकट मिळतात, ट्रायचेही एक आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री मोजून स्क्रीनशॉट ठेवा, कारण संध्याकाळी सगळा मोहल्ला एकदम ऑनलाइन असतो. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येते. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती.

"अनलिमिटेड" या शब्दाला भुलू नका. ठरलेला डेटा संपला की वेग उतरतो, पण नेट चालू राहते. त्याला ते अनलिमिटेड म्हणतात. किती डेटा झाल्यावर वेग किती होतो, हे पॅक घेतानाच विचारा.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. मोबाइलसाठी १९८ हा क्रमांक, कॉल मोफत. वायफायसाठी त्या कंपनीचा टोल फ्री क्रमांक. तक्रार नोंदवली की क्रमांक देणे हे ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीचे काम आहे, तो एसएमएसनेही येतो. नाही आला तर फोन ठेवू नका, मागून घ्या. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ, क्रमांक आणि काय सांगितले ते लिहा. शाळेची जुनी वही चालते. "काम होऊन जाईल सर" हे उत्तर नव्हे.

दुसरी पायरी अपील. ही बहुतेकांना माहीतच नसते. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही. ईमेलने, पत्राने किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून ते करता येते. निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपील तपासणाऱ्या समितीवर कंपनीच्या माणसाबरोबर ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संघटनेचाही एक सदस्य असतो. तक्रार केंद्रावरचा मुलगा स्क्रीनवर लिहिलेले वाचून दाखवतो. अपिलात मात्र कोणीतरी फाइल उघडतो. आमच्या पाहण्यात बिलाची चूक, नकोशी सेवा, परत न केलेली अनामत अशी कामे याच पायरीवर सुटतात. लोक मात्र पहिल्या पायरीवरच थकून घरी जातात.

"ट्रायला लिहितो" असे लोक रागाने म्हणतात. ट्राय नियम करते, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तुमचे पत्र ती कंपनीकडे पाठवून देते. दूरसंचार विभागाकडे मात्र सार्वजनिक तक्रारींचा कक्ष आहे आणि केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरूनही तिथे जाता येते. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो : कंपनीकडची तक्रार क्रमांक काय?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीला तुमची तक्रार पाठवून उत्तर मागते. खटल्याआधी हा मार्ग वापरून पाहावा.

ग्राहक आयोगाचे दार पुन्हा कसे उघडले

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण "मोबाइल कंपनीवर ग्राहक कोर्टात केस होत नाही" असे अजूनही काही वकील सांगतात. ते एकेकाळी खरे होते.

१ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या एका प्रकरणात असा निकाल दिला की बिलाच्या वादासाठी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे, त्यामुळे ग्राहक मंचाला अधिकार नाही. वर्षानुवर्षे कंपन्या हाच निकाल पुढे करून तक्रारी फेटाळून लावत होत्या. इंग्रजांच्या काळातला कायदा तारेच्या खांबांसाठी झालेला, आणि तो आडवा येत होता खिशातल्या मोबाइलला.

मग अहमदाबादच्या एका ग्राहकाचे प्रकरण आले. त्याचे महिन्याचे भाडे २४९ रुपये आणि सरासरी बिल ५५५ रुपये. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे. तो जिल्हा ग्राहक मंचात गेला आणि २२ हजार रुपयांची भरपाई मागितली. कंपनीने नेहमीचा आक्षेप घेतला की या मंचाला अधिकारच नाही. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा सर्व पायऱ्यांवर कंपनी हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अग्रवाल या प्रकरणात स्पष्ट केले की ग्राहक कायद्यातला उपाय हा जादाचा उपाय आहे, टेलिग्राफ कायद्यामुळे तो बुडत नाही. शिवाय २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात "सेवा" या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचार थेट नावाने घातलेले आहे. आता हा वाद संपला आहे. कोणी जुना निकाल दाखवला तर त्याला ही तारीख सांगा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. २०१३ च्या बिलावर २०२२ मध्ये फक्त "केस इथे चालेल" एवढेच ठरले. कायद्यात वेळेच्या मर्यादा लिहिलेल्या असल्या तरी आयोगात तारखा पडतात. छोट्या रकमेसाठी अपील आणि हेल्पलाइन आधी पुरेपूर वापरण्याचे कारण हेच.

आयोगात जायचेच ठरले तर हे ध्यानात ठेवा. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले तरी. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, म्हणजे मोबाइल-वायफायच्या प्रकरणात जवळपास नेहमीच शून्य. वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्यासाठी आधी ई-दाखिल पोर्टल होते, २०२५ पासून ई-जागृती आहे. मुदत मात्र कडक : घटना घडल्यापासून दोन वर्षे. सोबत जोडायचे ते असे : पावत्या किंवा यूपीआयचे व्यवहार, तक्रार क्रमांकांचे एसएमएस, अपिलाचे उत्तर आणि वेगाचे स्क्रीनशॉट. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संघटनांचे कार्यकर्ते तक्रार लिहिण्याबाबत मार्गदर्शन करतात.

घरी बसून शिलाईच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर घेणाऱ्या भगिनी विचारतात, "आमचा तर धंदा आहे, आम्ही ग्राहक कशा?" कायदा व्यापारी वापराला बाहेर ठेवतो हे खरे, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा त्या बंदीत येत नाही. त्या ग्राहकच आहेत.

बंद दिवसांचे पैसे

ट्रायचे सेवेच्या दर्जाबाबतचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्हाभर नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिले तर पोस्टपेड ग्राहकाला पुढच्या बिलात त्या दिवसांची सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यायची आहे. मुदतवाढीचा भाग १ एप्रिल २०२५ पासून. पूर, भूकंप अशी नैसर्गिक आपत्ती असेल तर हा नियम लागत नाही. घरच्या तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तरी भाड्यात सूट आहे. पण त्यासाठी बिघाड कधी नोंदवला हे दाखवावे लागते. पुन्हा तीच वही.

आणि कंपनी बदलणे हा तर सगळ्यात स्वस्त उपाय. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर PORT नव्हे, आपल्या लिपीत सांगायचे तर पी-ओ-आर-टी, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवायचा. कोड येतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत आणि पोस्टपेड असेल तर थकबाकी नसावी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बदल असेल तर साधारण तीन कामाचे दिवस लागतात. अर्ज पडला की जुन्या कंपनीचा फोन लगेच येतो आणि कालपर्यंत "शक्य नाही" असलेला पॅक आज शक्य होतो.

तुमच्या नावावर किती सिम?

एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ मोबाइल जोडण्या असू शकतात. जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारतात सहा. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या आधारच्या प्रतीवर भलत्यानेच सिम घेतले, आणि पोलिसांची नोटीस मात्र कागदवाल्याच्या घरी आली, असे होऊ शकते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे क्रमांक दिसतात. अनोळखी क्रमांकापुढे "हा माझा नाही" असे नोंदवता येते. हरवलेला फोनही तिथूनच ब्लॉक करता येतो. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो *#०६# दाबून आजच पाहा आणि रेशनकार्डाच्या पाकिटात लिहून ठेवा. फोन हरवल्यावर तो सापडत नाही.

सिमसाठी आधारच पाहिजे अशी सक्ती २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उरलेली नाही, दुसरे मान्य ओळखपत्रही देता येते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली आणि तारीख काय, ते आडवे लिहून सही करा.

कंपनीचा दोष नसतो तेव्हा

कधी नेट सरकारी आदेशाने बंद होते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात असे झाले होते. तिथे कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही. काश्मीरमधील बंदीवर अनुराधा भसीन या संपादकांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की इंटरनेटद्वारे बोलणे आणि व्यवसाय करणे यांना घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा प्रत्येक आदेश जाहीर केला पाहिजे. त्यानंतरच्या नियमांनी एका आदेशाची मर्यादा १५ दिवस ठरवली.

त्याच्या काही महिने आधी, १९ सप्टेंबर २०१९ रोजी, केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला होता. कोझिकोडजवळच्या तिच्या कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करण्याचा नियम होता. तिने अभ्यासासाठी फोन लागतो म्हणून तो मानला नाही, तर तिला वसतिगृहातून काढले. न्यायालयाने इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला सांगितले. मुलीच्या हातात फोन नको, असे म्हणणाऱ्या पालकांशी बोलताना आम्ही या निकालाचा उल्लेख मुद्दाम करतो.

बंदीच्या काळात प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला तर गप्प बसू नका. जाहीर झालेल्या आदेशाची प्रत मिळवा, ती जोडून संबंधित कार्यालयाला मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.